बुडालेल्या बोटीवरचे शिंगाडे

मंगळवार, १७ सप्टेंबर १९७४

आणि पाटी लावली कुठे, तर काठावर. चिंचेच्या झाडाला खिळा ठोकून. "बुडालेल्या बोटीजवळ जाण्यास सक्त मनाई आहे." बोट पाण्यात, काठापासून दोनशे हात आत, आणि पाटी झाडावर. सूर मारणारा माणूस आधी झाडाकडे तोंड करून उभा राहणार आहे का? आणि जे तेलचोर येतात त्यांच्यात वाचता कोणाला येतं? या काठावर वाचता येतं मला, तर मी वाचली. मी काही चोर नाही. म्हणजे सरकारी ऑफिसने एवढा रंग आणि लाकूड खर्च करून ती पाटी एकट्या माझ्यासाठी लावली.

प्रौढ वर्गाच्या सुहासिनीबाई म्हणाल्या, जयवंताबाई, अक्षरं जुळली आता, मनात असेल ते रोज चार ओळी लिहीत जा. मनात हेच आहे. बाई म्हणतात, लिहिताना "मला" लिहायचं, "मले" नाही. लिहिते. पण दुसऱ्याचं बोलणं जसं तोंडातून पडलं तसंच लिहीन. ही वही त्यांना दाखवायचीच नाही.

बोटीचं असं झालं. नागपुरात सक्करदऱ्याच्या पुढे आमचा जुना तलाव. त्यातला गाळ काढायला उन्हाळ्यात एका ठेकेदाराने लोखंडी बोट आणली. वर इंजिन, खाली डिझेलची टाकी. आम्ही तिला गाळबोट म्हणतो. जुलैच्या पहिल्या मोठ्या पाण्यात ती एका बाजूने भरली आणि बसली खाली. दीड पुरुष, म्हणजे दीड माणूस खोल पाण्यात आहे. नळकांड्याचं टोक तेवढं हातभर वर दिसतं, त्यावर पाणकावळा बसतो. ठेकेदार पळाला. टाकी भरलेलीच राहिली.

ते तेल पाण्यात सुटलं तर मी बसले. आम्ही ढिवर. माणसं मासे धरतात, बाया शिंगाडा लावतात. शिंगाड्याचं पान पाण्यावर पसरून राहतं. तेलाचा पापुद्रा पहिल्यांदा त्याच्यावरच येणार. जूनपासून गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पायाच्या अंगठ्याने एकेक वेल चिखलात दाबली आहे मी. दसऱ्याला तोड सुरू होते. वर्षभराचं खाणं तेच.

आणि यांची पाटी झाडावर.

गुरुवार, १९ सप्टेंबर

गणपती बसले. वर्गाला सुट्टी नव्हती, बरं झालं. "ज्ञ" लिहिला. कठीण आहे पण दिसतो चांगला.

दोन्ही कंदील पेटले होते. जुलैत बाई रडकुंडीला आल्या होत्या, रेशनवर राकेल नाही, वर्ग बंद करावा लागेल म्हणून. मी घरी येऊन त्या दिवशी भांडी आपटली. पण चार दिवसांनी, वर्ग भरतो त्या समाजमंदिराच्या पायरीवर कोणीतरी तेलाचा डबा ठेवून गेलं. तेव्हापासून दर आठवड्याला एक डबा येतो. बाई म्हणतात, लकडगंजचा कोणी व्यापारी असेल, नाव न सांगता देतो. देव त्याचं भलं करो. तेल मात्र हलकं आहे. धूर फार, घरी येते तर नाक काळं. फुकटचं तेल, धूर करणारच.

बुढा, म्हणजे माझा नवरा, जागाच होता. रोजचंच. "आज काय लिहिलं?"

"तुम्हाले काय करायचं?"

"वाचून त दाखव."

"झोपा."

झोपला. चांगला माणूस आहे पण कामाचा नाही. या तलावात त्याच्यासारखा पाणबुडा नव्हता. विहिरीत पडलेली घागर, अंगठी, माणूससुद्धा काढून द्यायचा. आता रोज सकाळी डोंगा घेऊन मासे पाहायला जातो आणि लाल डोळे करून रिकाम्या हाताने परत येतो. मी विचारलं, "एवढ्या वेळात एक वाम सापडत नाही का जी?" तर म्हणे, "मासे बी हुशार झाले."

रविवार, २२ सप्टेंबर

आज डोळ्यांनी पाहिलं. बोटीजवळच्या पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग. दिसायला सुंदर. मी हात घातला, हात बुळबुळीत, वास डिझेलचा. एक पान तसंच तेल लागलेलं घरी आणून परातीत पाण्यावर ठेवलं, शेजारी दुसरं चांगलं पान. बघते काय होतं ते.

आणि चोरही पाहिले. दोघे होते, खेड्यावरचे, शेतात पंप आहे आणि डिझेलला रांगा. यांची रीत अशी, एक जण खाली जातो, टाकीचं झाकण फिरवतो आणि त्याच्यावर पाण्याने भरलेला डबा उलटा धरतो. तेल हलकं, ते आपोआप वर चढून डब्यात भरतं, डब्यातलं पाणी खाली निघून जातं. मग हाताने डब्याचं तोंड दाबून वर यायचं. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. पण दर खेपेला वाटीभर तेल बाजूने निसटतं, आणि हे गाढव झाकण नीट लावत नाहीत.

डोंगा आमच्याच माणसाचा होता. अर्धा डबा तेलासाठी त्याने नेलं त्यांना. मी काठावरून असा आवाज काढला की पाणकावळा उडाला.

"कोन्या बापाच्या तलावात शिरला रे? निघ तिथून, नाहीतं वल्ह्यानं टाळकं फोडतो!"

पळाले. उद्या दुसरे येतील. सगळीकडे तेलाची मारामारी आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

परातीतलं तेलाचं पान पिवळं पडलं, काठ काळे. चांगलं पान हिरवंच आहे. दोन्ही फडक्यात बांधली आणि पायी ऑफिसला गेले.

ओव्हरसियर मनोहररावांकडे बोटीचं काम आहे. चष्मा आहे, आवाज चढवत नाही, त्यामुळे भांडायला मजा येत नाही. मी पानं त्यांच्या कागदांवर ठेवली.

"हे काय बाई?"

"हे तुमच्या पाटीचं काम आहे साहेब."

त्यांनी पानं उलटून पाहिली, वास घेतला आणि चहा सांगितला. म्हणाले, बोट उचलायला मोठी क्रेन लागते, ती वरून मंजूर व्हायची आहे. तोवर एकच उपाय, कोणी तिच्या जवळ जायचं नाही. टाकीला हात लागला नाही तर तेल वर्षभर आतच राहील.

"मंग चौकीदार बसवा."

"चौकीदाराची जागा मंजूर नाही. दोर आणि लाल झेंड्या आहेत, त्या लावून देतो."

दोर चांगला जाड आहे म्हणाले. चहाही चांगला होता, आलं घातलेला. येताना पाय दुखले पण बरं वाटलं. खुर्चीवर बसून ऑफिसात चहा पिण्याची ही माझी पहिली वेळ.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बुधवारी दोर लावला. गुरुवारी दोर नाही. आज सापडला, सिंधूताईच्या म्हशीच्या गळ्यात.

सिंधूताईचा तलावातला शिंगाड्याचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून आहे. वयाने मोठी, तोंडाने माझ्यासारखीच. मी म्हटलं, "हा सरकारी दोर आहे वं."

"काठाले लागला होता. सरकारचं नाव नव्हतं त्याच्यावर."

"तुले माहीत नाही काहून बांधला होता थो?"

"माहीत आहे ना. पन म्हैस रोज कापसाच्या पऱ्हाटीत जाते, त्याचं काय?"

झेंड्या पोरींनी रिबिनीला नेल्या. बुढा हसत होता. मला हसू आलं नाही, म्हणजे आलं पण मी तोंड फिरवलं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

काल गणपती पाण्यात शिरवले. मी दिवसभर डोंग्यात उभी राहून लोकांना दुसऱ्या घाटाकडे पाठवत होते. घसा बसला. पण गर्दी वळवता वळवता एक गोष्ट दिसली आणि रात्रभर डोक्यात राहिली. एवढी हजार माणसं, गुलाल, ढोल, ढकलाढकली. पण शिंगाड्याच्या एकाही तुकड्यात आमचा एक डोंगा शिरला नाही. लांबून वळसा घेऊन जात होते.

कारण आमच्यात चिंधीची रीत आहे. तुकडा वाटून मिळाला की बाई त्याच्या चारी कोपऱ्यांना बांबू रोवते आणि आपल्या लुगड्याची चिंधी बांधते. ज्या बाईची चिंधी, तिच्याच घरचं वल्हं आत. बाकी कोणी नाही, जावई नाही, पाटील नाही. कोणी शिरलाच तर त्याच्या हातचं पाणी वर्षभर कोणी पीत नाही. बांबूवर झेंडी असेल तर पोरी नेतात, चिंधी असेल तर वारासुद्धा विचारून जातो.

बाहेरच्या चोराला रीत माहीत नाही. पण त्याच्याजवळ डोंगा कुठे आहे? तो आमच्याच माणसाच्या डोंग्यातून येतो.

सकाळीच नानाजींकडे गेले. ते आमच्या मच्छीमार संस्थेचे म्होरके, तुकडे वाटतात तेच. खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

"बोटीवरचं पानी मले द्या," मी म्हटलं.

"तिथं दीड पुरुष खोल आहे सूनबाई. शिंगाडा लागत नाही तिथं."

"नाही लागू द्या."

"नुसती चिंधी बांधता येत नाही. जिता वेल पाहिजे तुकड्यात. बिनवेलीच्या बांबूले कोन मानते?"

"वेल माह्या तुकड्यातला नेतो."

त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. "तोडीले तीन हप्ते राहिले. आता उपटलेला वेल पान धरीन, शिंगाडा धरनार नाही. किती उपटशीन?"

"तिसरा हिस्सा."

"वेडी झाली काय?"

"तिसरा हिस्सा गेला तं दोन राहतात. तेल सुटलं तं सगळ्याइचंच जाते, तुमच्या सुनेचं बी."

नानाजींनी डोळे मिटून विचार केला आणि हो म्हणाले. बाहेर आले तर ऊन छान पडलं होतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

बुढा नाही म्हणत होता. दोन दिवस एकच. "तिथं काहून? थे जागा सोड ना. खोल आहे." मला वाटलं नव्हतं माझी एवढी काळजी असेल त्याला. मी म्हटलं, काम होईपर्यंत माझ्या कमरेला दोर बांधा हवं तर. मग स्वतःच म्हणाला, बांबू मी रोवतो.

आणि रोवले. काय माणूस आहे पाण्यात! खाली गेला की मी मोजते, शंभराला येतो वर. बारा लांब बांबू, बोटीच्या चारी बाजूंना. फक्त पाळीकडच्या, म्हणजे बांधाकडच्या बाजूला दोन बांबूंच्या मध्ये डोंग्याएवढी वाट ठेवली. मी विचारलं, ही काहून? म्हणे, "वेल पाहाले जाशीन त कुठून जाशीन?" हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सिंधूताईही आली मदतीला, बोलावलं नसताना. आम्ही दोघी वेल उपटून, जुडी करून, खाली गोटा बांधून सोडत होतो. दीड पुरुष पाण्यात पाय पोचत नाही, म्हणून ही युक्ती. उपटलेल्या वेलीला कोवळे शिंगाडे लागले होते, पांढरे, बोराएवढे. मी पाहिलं आणि गोटा बांधला.

"रडते काय वं?" सिंधूताई म्हणाली.

"पानी उडालं डोळ्यात."

"उडनारच. सगळं पानीच त आहे."

चिंधी माझ्या हिरव्या लुगड्याची. चांगलंच लुगडं होतं, फाटकं नव्हतं. फाटक्याची बांधायची नाही अशी रीत आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

पाच दिवस झाले, बोटीकडे एक डोंगा नाही. खेड्यावरचे दोघे काठावर येऊन उभे होते. तीन डोंगेवाल्यांना विचारलं, तिघे नाही म्हणाले. एकाने तर हात जोडले. शेवटी रिकामे डबे वाजवत गेले.

मनोहररावसाहेब आज पाहायला आले. पाटीखालीच उभे राहिले. म्हणाले, "आमचा दोर एक रात्र टिकला नाही. तुमची चिंधी?"

"तुमच्या दोरामांग कोन होतं साहेब? चिंधीमांग मी आहो."

हसले. वहीत काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं, "स्थानिक व्यवस्था समाधानकारक". समाधानकारक मोठा शब्द आहे, मी एका दमात वाचला.

वेल जगली. पानं वर आली, सगळ्या बोटीवर हिरवी चटई पसरली आहे. नळकांड्याच्या टोकाभोवती तर असा गोल धरला आहे की कोणी मुद्दाम लावला म्हणेल. संध्याकाळी पाळीवर बसून भाकर खाल्ली, मिरचीचा ठेचा, तळलेली बारकी मासळी. बुढा शेजारी. असे दिवस कमी येतात म्हणून लिहून ठेवते.

वर्गाचा तेलाचा डबा आला आजही. व्यापारी नेमाचा आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा रंग. पाळीकडच्या बाजूला, वाटेपाशी. परातीएवढाच, पण आहे. चटईच्या कडेची चार पानं पिवळी.

टाकी गंजली असेल. माणूस कोणी गेलेला नाही, मी दिवसभर पाहते. सकाळी तेवढी स्वयंपाकात असते.

बुढ्याला म्हटलं, तुम्ही सकाळी तिकडेच असता, कोणी दिसतं का? म्हणे, "कोनीच नाही. मी पाहून राहिलो ना." निदान त्याचं लक्ष आहे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज जे कळलं ते कसं लिहू? सरळ लिहिते.

घाटावर सिंधूताई कपडे धूत होती. मी तेच सांगत होते, चिंधी बांधली, वेल लावली, एक परका डोंगा शिरत नाही, तरी तेल कसं येतं. ती धूत राहिली. मग म्हणाली,

"तुह्या चिंधीच्या आत कोन जाऊ शकते?"

"कोनी नाही."

"कोनी नाही कशी? रीत काय आहे?"

"माह्या घरचं वल्हं."

"मंग?" आणि लुगडं दगडावर आपटलं.

माझ्या घरी वल्हं एक. वल्हं मारणारा एक.

म्हणजे मी काय केलं? तिसरा हिस्सा वेल उपटून, चांगलं लुगडं फाडून, सगळ्या नागपुराला बाहेर ठेवलं आणि चोराला आत घालून कडी लावली. आणि चोराने स्वतःसाठी वाट ठेवली होती बांबूत! मी तिचं कौतुक केलं होतं!

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी पाळीवर जाऊन बसले. डोंगा वाटेतून बाहेर आला. आत बुढा, ओला, पायाशी डबा. मला पाहून वल्हं थांबवलं. मग हळूहळू काठाला आला, दुसरं जाणार कुठे.

"का जी, मासे हुशार झाले काय?"

त्याने डबा पायाने मागे सरकवला.

"चिंधी नाही दिसली काय तुम्हाले?"

"दिसली ना." डोकं खाजवलं. "पयल्या दिशी त मी परत फिरलो होतो. चिंधी पाहून. अर्ध्या वाटेवर याद आलं, हे त आपल्याच घरची आहे."

मला मारावंसं वाटलं आणि हसू आलं, दोन्ही एकदम, त्यामुळे खोकला लागला. मग विचारलं, तेल विकता कुणाला? म्हणाला, विकत नाही. समाजमंदिराच्या पायरीवर ठेवतो.

लकडगंजचा व्यापारी माझ्या समोर लंगोटावर उभा होता.

"काहून?"

"वर्ग बंद पडत होता ना. तू लिहाले बसते त तेवढा वेळ बोलत नाहीस. घरात शांती राहते."

म्हणजे हा माणूस अडीच महिने, थंड पाण्यात, या वयात, छाती फुटेपर्यंत खाली जात होता, ते कशासाठी, तर माझं तोंड बंद राहावं म्हणून! संतापाने माझे कान गरम झाले. सुहासिनीबाईंना सांगितलं तर त्या उगाच डोळे पुसायला लागल्या. यात रडण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही.

पण एक खरी गोष्ट त्याने सांगितली ती लिहून ठेवते. बाहेरचे चोर झाकण उघडं टाकून जायचे, ते हाच रोज सकाळी खाली जाऊन घट्ट करत होता. नाहीतर ऑगस्टमध्येच सगळं तेल वर आलं असतं. आता झाकणाचा वायसर, म्हणजे आतली रबराची चकती, पार गेला आहे. त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आहे. डिझेलने रबर फुगतं. "दिवाळीपर्यंत नाही टिकत," म्हणाला. "अर्ध्याच्या वर टाकी भरली आहे अजून. आनि थे एकदा निसटलं त तुही चटई काय अन् कोनाचा तुकडा काय."

आजचा डबा मी परत टाकीत ओतायला लावणार होते. ओतता येत नाही म्हणे. वर चढतं.

पाळीकडची वाट दोन बांबू लावून बंद केली. मीच रोवले, तो डोंगा धरून बसला होता.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

काल घट बसले. नानाजींना सगळं सांगितलं, लपवून काय करू. ते हसता हसता खाटेवरून खाली यायचे राहिले. रीतीने बुढा चोर नाही, घरचं वल्हं आहे. म्हणून पंचांना काही म्हणता येत नाही. "तुह्या तुकड्यातला न्याय तुह्याच हाती सूनबाई." मी न्याय केला. अंघोळ घालून, धुतलेलं धोतर नेसवून त्याला ऑफिसात नेलं.

मनोहररावसाहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या. बुढा खुर्चीच्या टोकावर बसला. पण टाकीचं बोलणं निघालं आणि सरसावला. झाकण किती वीत रुंद, कोणत्या बाजूला फिरतं, टाकी किती तिरपी बसली आहे, पाइप कुठून घातला तर तेल पाण्यात न मिसळता वर येईल, सगळं हाताने हवेत काढून दाखवलं. साहेब लिहीत होते. साहेबांनी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला हे इतकं कसं माहीत. त्यांच्या लक्षात आलं नसेल.

मग म्हणाले, तेल काढायचं तर मुंबईहून पाणबुडे मागवावे लागतील, तशी पद्धत आहे.

"मुंबईचा पानबुडा तलावात कुठं चिखल आहे थे जानते काय साहेब? हा जानते. हातपंप द्या, पाइप द्या, पिंपं द्या."

"वर विचारावं लागेल. तुम्ही एक लेखी अर्ज करा, म्हणजे मला पुढे पाठवता येईल. कोणाकडून तरी लिहून घ्या."

कोणाकडून तरी! बुढा एकदम बोलला, "कोनाकडून काहून? थे सोता लिहिते."

मी त्याच्याकडे पाहिलं. साहेबांनी कोरा कागद पुढे केला. मी घडी करून घरी आणला. येताना महालच्या बाजारातून आलो, त्याने मला गरम जिलबी घेऊन दिली. रागावले होते म्हणून दोन तुकडे कमी खाल्ले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

तीनदा लिहून फाडलं. हे चौथं. काल रात्री बुढ्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच काही वाचून दाखवलं त्याला. म्हणे, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावत होता, मी म्हटलं, तुमचे कान बिघडले आहेत काय.

आज देऊन येते. नक्कल इथे ठेवते.

"ओव्हरसियर साहेब यांस, जयवंताबाई, जुना तलाव, शिंगाडेवाली, हिचा अर्ज.

बुडालेल्या गाळबोटीत अर्ध्या टाकीच्या वर तेल आहे. झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे. तो दिवाळीपर्यंत टिकणार नाही. आम्ही बोटीजवळ कोणाला जाऊ देत नाही, ते काम आमचं, ते आम्ही केलं आहे. पण चिंधी माणसाला अडवते, तेलाला अडवत नाही.

आम्हाला एक हातपंप, लांब रबरी पाइप आणि रिकामी पिंपं द्या. खाली माझा नवरा जाईल. वर पंप मारायला संस्थेचे चार जण आहेत, नानाजींनी नावं दिली आहेत. मुंबईचे पाणबुडे नको. बोट तुम्ही पाच वर्षांनी उचला, आमची तक्रार नाही, तिच्यावर वेल चांगली धरली आहे. तेल आता काढा.

दसऱ्याला तोड सुरू होते. तेव्हा साठ बाया दिवसभर त्या पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या राहतात आणि बाहेर येऊन पोरांना अंगावर पाजतात. म्हणून तेल त्याआधी निघालं पाहिजे.

वर विचारतो, असं सांगू नका. वर कोण आहे त्यांचं नाव सांगा, मी त्यांच्याकडे जाईन, पानं घेऊन जाईन. तोंडी निरोप पाठवू नका, चपराशी विसरतो. हो असेल तर हो लिहा, नाही असेल तर नाही लिहा आणि खाली सही करा. मी वाचून घेईन.

बुधवारी, तेवीस तारखेला, दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे."